गाव सोडण्याआधी गावाला वाचून दाखवा

परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. शाश्वत विकास, ग्रामविकास, समाजकार्य असे विषय घेतलेली मुंबईची मुलं आता नेपाळ, श्रीलंका, केनियापर्यंत क्षेत्रकार्याला जातात. निघण्याआधी महिनाभर त्यांना आणि त्यांच्या आयांना प्रश्न पडू लागतात. यंदाच्या पत्रांत एक पत्र मात्र कोळीवाड्यातून आलं आहे. परदेशी अभ्यासाला निघालेल्या प्रत्येकाने ते वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी जूनच्या मध्यापासून सहा आठवडे नेपाळमधल्या काभ्रे जिल्ह्यात एका सामुदायिक वनाचा अभ्यास करायला जाते आहे. मार्गदर्शकांनी ६४ प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली दिली आहे, ती १५० घरांतून भरून आणायची आहे. मला नेपाळी येत नाही, पण हिंदी चालतं असं ऐकते. आणखी काय तयारी करू?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : सगळ्यात आधी तारीख बदलून मिळते का ते बघ. जूनच्या मध्याला तिकडे असार महिना लागतो, आणि नेपाळच्या मधल्या डोंगररांगांत असार म्हणजे भातलावणी. १५ असारला, म्हणजे आपल्या जूनच्या अखेरीला, दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे, खाऊन सगळं गाव चिखलात उतरतं. दिवसभर वाकून रोपं लावून आलेल्या बाईला रात्री चुलीपुढे बसवून ६४ प्रश्न विचारायचे हे मला पटत नाही, आणि अशा वेळी मिळालेल्या उत्तरांवर माझा विश्वासही बसणार नाही. पावसाने दरडी कोसळून रस्ते बंद होतात ते वेगळंच. दशैं आणि तिहार, म्हणजे तिकडचे दसरा-दिवाळी, आटोपले, भात घरात आलं, की नोव्हेंबरपासून माणसं उन्हाला बसून बोलायला मोकळी होतात. बरेच वनसमूह त्या कोरड्या दिवसांतच ठरावीक काळापुरतं जंगल लाकूडफाट्यासाठी खुलं करतात. म्हणजे तुझा विषय तुझ्या डोळ्यांसमोर चालू असेल. वेळापत्रक आडवं येत असेल तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज कर, मागणी रास्त आहे. अगदीच नाही जमलं तर १५० घरांची ४० घरं कर आणि पावसात मिळेल तेवढंच नीट कर.

आता विषयाबद्दल. नेपाळने १९५७ साली खासगी जंगलं सरकारजमा केली. गावाने राखलेली राई एका कायद्याने सरकारची झाली, आणि ती राखायची गावाला गरज उरली नाही. पुढे १९९३ च्या वन कायद्याने ती चूक बरीचशी दुरुस्त केली. जमीन सरकारचीच राहिली, पण गावातल्या वापरकर्त्यांचा समूह नोंदवला, त्याने आपली नियमावली आणि कार्ययोजना करून मंजूर करून घेतली, की जंगलाचा कारभार त्याच्याकडे येतो. उत्पन्नातला किमान २५ टक्के वाटा जंगलावरच खर्च करावा लागतो, आणि कार्यकारी समितीत निम्म्या बायका असाव्यात असं सरकारी मार्गदर्शिका सांगते. असे समूह आज २२ हजारांहून अधिक आहेत. १९९२ ते २०१६ या काळात देशातलं वनाच्छादन साधारण २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलं, हे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून मोजलेलं आहे.

हे आकडे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात सगळेच लिहितात, तूही लिही. पण तिथेच थांबू नकोस. जंगल वाढलं ते काही ठिकाणी समूहाच्या राखणीने, तर काही ठिकाणी तरुण माणसं आखातात आणि मलेशियात कामाला गेल्यामुळे, वरचे खाचर पडीक राहून त्यांत झाडं आल्यामुळे. रस्त्याकडेच्या घरांत गॅसचं सिलिंडर आलं आहे. पुष्कळ गावांत आज सरपणाच्या टंचाईपेक्षा मक्यावर पडणारी माकडांची टोळी हा मोठा प्रश्न आहे. तुझं मूळ गाव कोकणात असेल तर हे तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या ६४ प्रश्नांत माकडांबद्दल एकही प्रश्न नसेल, तर ती प्रश्नावली आजच्या गावासाठी केलेली नाही.

म्हणून पहिला आठवडा ती पिशवीतच राहू दे. डोको, म्हणजे टोपली, पाठीवर आणि तिचा पट्टा, नाम्लो, कपाळाला लावून बायका पालापाचोळा आणायला निघतात, त्यांच्याबरोबर जा. कुठून वाट सोडून आत शिरतात, कुठलं झाड तोडत नाहीत, हे बघ. मग त्यांनाच अंगणात काठीने जंगलाचा नकाशा काढायला सांग. एकीने काढलेली रेघ दुसरी पुसते आणि वाद सुरू होतो. तो वाद लिहून घे, तुझ्या अभ्यासातला तो सगळ्यात मोलाचा भाग असेल. त्यानंतर ६४ मधले १५ प्रश्न ठेव आणि पाच तिथले घाल.

एका समूहाच्या सभेला मी बसले होते, त्या सभेबद्दल सांगते. अध्यक्ष बाई होत्या. हिशेब वाचून झाला, वहीत सह्या आणि अंगठे झाले. कोणाची काही तक्रार आहे का असं विचारलं गेलं. नव्हती. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला असलेल्या कामी वस्तीवर गेले, म्हणजे लोहारांच्या. तिथे एक बाई नवऱ्याबरोबर भाता ओढत होती. तिचा अंगठा आदल्या दिवशी मी वहीत पाहिला होता. ती म्हणाली, जंगल राखायचं ठरलं तेव्हा कोळसा करायला बंदी झाली. कोळशाशिवाय विळा कसा तापवायचा? विळे मात्र सगळ्या गावाला तिच्याकडचेच हवेत. सभेत का बोलली नाहीस म्हटल्यावर तिने वरच्या घरांकडे मान केली. ही तिच्या एकटीची गोष्ट नाही. लोहारांच्या कोळशाची ही अडचण नेपाळच्या डोंगरांत ठिकठिकाणी नोंदलेली आहे. वही पाहिली तर समूह आदर्श होता, आणि बऱ्याच अंशी तो खरोखरच चांगला होता. पण शाश्वत कोणासाठी, हे विचारायला लोहाराच्या भात्याजवळ जाऊन बसावं लागतं. शेवटच्या वस्तीपासून सुरुवात कर आणि अध्यक्षांच्या घरी शेवटी जा. पहिल्या दिवशी त्यांना नमस्कार करून परवानगी मात्र जरूर घे, आणि विभागीय वन कार्यालयातही तुझं पत्र आधी पोचू दे.

हिंदीच्या भरवशावर राहू नकोस. भारतात कामाला येऊन गेलेले पुरुष हिंदी बोलतील, म्हाताऱ्या बायका बोलणार नाहीत. काभ्रेमध्ये तामाङ लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांची घरची भाषा नेपाळीही नाही. दुभाषी बाईच घे, शक्यतो शेजारच्या गावातली, आणि समितीतल्या कोणाच्या नात्यातली नको. समूहाच्या वह्यांतली सालं विक्रम संवताची असतात, आपल्यापेक्षा साधारण ५७ वर्षं पुढे. वहीत २०५२ दिसलं तर १९९५-९६ समज. सुट्टी शनिवारी असते. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात, हा दर वर्षानुवर्षं तोच आहे.

जायच्या आधी गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाची माहिती करून घे. तिथे तुला विचारणारच, तुमच्याकडे कसं आहे? आपल्याकडे वनहक्काचा कायदा २००६ साली आला, मेंढा-लेखाला जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला आणि आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार २०११ साली. ग्रामसभा तिथे सर्वसहमतीने निर्णय घेते. हे तू सांगितलंस की समोरची बाईही तुला चार प्रश्न विचारेल, आणि मुलाखतीची दोन माणसांतली बोलणी होतील.

शेवटची गोष्ट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून कबूल करून घेत आले. पहिल्या सभेत विचारायचं, या अभ्यासातून तुम्हाला काय कळायला हवंय? आणि निघण्याच्या दोन दिवस आधी सगळ्यांना बोलावून, मला जे समजलं ते हे, असं त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. माणसं चुका काढतात, कधी रागावतात. लोहारणीचं म्हणणं तिचं नाव न घेता मांडायचं असेल तर कसं मांडायचं, हे तिला आदल्या दिवशी विचारायचं. सहा आठवड्यांतले दोन दिवस यासाठी आत्ताच राखून ठेव.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पाण्याच्या प्रश्नावर अभ्यास करायला केनियात किसुमूला तीन महिने जाणार आहे. तो शाकाहारी आहे. आम्ही कोणी कधी परदेशात गेलेलो नाही. जीव टांगणीला लागला आहे. काय काळजी घ्यावी?
— एक आई, लालबाग

उत्तर : जेवणाची चिंता आधी सोडा. केनियात चपाती घरोघर होते, आणि मुगाची पातळ उसळ, तिला ते न्देंगू म्हणतात, साध्या खानावळीतही मिळते. मक्याच्या पिठाची उगाली आणि परतलेली पालेभाजी हे तर त्यांचं रोजचं जेवण. किसुमूत गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. डबा-लोणच्याचं वजन कमी करा आणि औषधांचं वाढवा.

तब्येतीच्या तीन गोष्टींवर मात्र तुम्ही ठाम राहा. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची असते आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. तिचं प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दुसरं, किसुमूचा भाग हिवतापाचा आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करायच्या आणि परत आल्यावरही सांगितल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या. मुलं इथेच कंटाळा करतात. तिसरं, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला पाण्यात उतरायचं नाही. तिथल्या गोगलगायींमधून एक परजीवी पाण्यात येतो आणि तो कातडीतून शरीरात शिरतो. पाण्यावर अभ्यास करणारा मुलगा उत्साहाने गुडघाभर पाण्यात उतरेल, म्हणून आईने हे बजावलेलं बरं.

कागदपत्रांचं त्याला विचारा. २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली आहे, पण संशोधनाला तेवढी पुरत नाही. त्यासाठी तिथल्या विज्ञान आयोगाचा, म्हणजे नाकोस्टीचा, वेगळा परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय एकही मुलाखत घेऊ नये.

आणि विषय त्याने चांगला निवडला आहे. किसुमूच्या न्यालेंडा वस्तीत पाणी कंपनी एका जागी घाऊक पाणी देते आणि वस्तीतलेच लोक ते नळांनी घरोघर पोचवून पैसे गोळा करतात. चाळीच्या सामाईक नळाशी वाढलेल्या मुलाला तिथे काय विचारायचं हे आतून कळेल. तुमच्या चाळीत पाण्याची वेळ कशी ठरली, भांडणं कोणी मिटवली, हे जायच्या आधी तुम्ही त्याला एकदा सविस्तर सांगा.

प्रश्न : बाई, आमचा कोळीवाडा मुंबईतलाच, नाव छापू नका. दर पावसाळ्यात परदेशातली पोरं येतात, बरोबर इकडच्या कॉलेजची दोन-तीन असतात. घरात माणसं किती, कमाई किती, कर्ज किती, संडास कुठे, सगळं विचारतात आणि फोटो काढतात. माझ्या सुनेने तीन वेगवेगळ्या पोरांना तेच तेच सांगितलं. पुढे काय झालं ते कोणी सांगायला आलं नाही. एकाने लिहिलेलं माझ्या भाच्याने फोनवर शोधून काढलं. आमचे पुरुष बेकार बसून असतात असं त्यात होतं. आम्ही नाही म्हणू शकतो का?
— एक कोळीण, मुंबई

उत्तर : हो, ताई, म्हणू शकता. पहिल्या प्रश्नालाही आणि अर्ध्या मुलाखतीतही. कारण सांगायचीही गरज नाही. ही सवलत नव्हे, तुमचा हक्क आहे, आणि तो तुम्हाला सांगणं हे त्या मुलांचं पहिलं काम होतं.

त्या मुलाने काय लिहिलं ते वाचून मला फार वाईट वाटलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. परदेशातल्या विद्यापीठांना नेमकी तेव्हाच सुट्टी, म्हणून त्यांची मुलं तेव्हाच येतात. नारळी पौर्णिमेनंतर पहाटे धक्क्यावर आली असती तर बेकार हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरला नसता. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे की बाहेरून येणारे लोक डांबरी रस्त्यालगतची गावं बघतात, पुरुषांशी आणि पुढाऱ्यांशी बोलतात, आणि स्वतःच्या सोयीच्या ऋतूत येतात. आता डोंबिवलीच्या मुलीला मी तारीख बदलायला का सांगितलं ते तुमच्या ध्यानात येईल. तिकडे असारात कोणी भेटणार नाही, तुमच्याकडे जूनमध्ये सगळे घरीच भेटतात, आणि दोन्हीकडे बाहेरून आलेल्याला खोटंच चित्र दिसतं.

नुसतं नाही म्हणण्यापेक्षा पुढचीही एक वाट आहे. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक जगात सगळ्यात जास्त अभ्यासले गेलेल्या आदिवासींपैकी. त्यांनीही हेच सोसलं. २०१७ साली त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदराने वागा, खरं बोला, फायद्यात वाटा द्या, काळजी घ्या आणि आमच्या पद्धतीने परवानगी मागा, असा तिचा गाभा आहे.

आपल्या मुंबईतलं उदाहरण याहून जुनं आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फुटपाथवरची घरं तुटण्याची वेळ आली, तेव्हा भायखळ्याच्या बाजूच्या फुटपाथवासीयांनी स्पार्क या संस्थेबरोबर स्वतःचीच गणना केली, सुमारे सहा हजार कुटुंबांची. कोण कुठून आलं, काय काम करतं, हे सगळं कागदावर आलं. त्यातून पुढे महिला मिलन ही तिथल्या बायकांची संघटना उभी राहिली. मग याच बायका दक्षिण आफ्रिकेत गेल्या आणि तिथल्या वस्त्यांना आपली मोजणी आपण कशी करायची ते शिकवून आल्या. परदेशी जाऊन वस्ती-विकासाचा अभ्यास म्हणतात, तो या बायकांनी कुठल्याही पदवीशिवाय केला, आणि देऊन आल्या.

कोळ्यांचं ज्ञान किती पक्कं असतं ते तर वरळीने नुकतंच दाखवलं. सागरी किनारा रस्त्याच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. वारा आणि प्रवाह असताना तेवढ्यातून होडी सुखरूप निघत नाही, हे कोळी सांगत राहिले. शेवटी ते अंतर १२० मीटर करावं लागलं. तुमच्याकडे येणाऱ्या मुलाला विचारा, अशा कामात तुझा अभ्यास आमच्या बाजूने कागद म्हणून लावता येईल का?

तुमच्या मच्छीमार सहकारी संस्थेने आणि महिला मंडळाने मिळून मराठीत एका पानाचा नियम करावा. कोण, कुठल्या संस्थेचा, पैसे कोणाचे, प्रश्न काय, हे आधी लेखी द्यायचं. विचारल्याशिवाय फोटो नाही, मुलांचे तर नाहीच. लिलावाच्या आणि बाजाराच्या वेळेत कोणाला अडवायचं नाही. वर्षात एकदा तरी मासेमारीच्या हंगामात यायचं. निघण्याआधी मंडळासमोर मराठीत वाचून दाखवायचं आणि छापील प्रत संस्थेच्या कपाटात ठेवायची. पुढच्या वर्षी आलेल्या पोराला आधी ते कपाट दाखवा, म्हणजे सुनेला चौथ्यांदा तेच सांगावं लागणार नाही. आणि त्या बेकारीच्या लेखाबद्दल लिहिणाऱ्याच्या विद्यापीठाला पत्र लिहा. भाच्याला पाठवून द्या माझ्याकडे, इंग्रजी मसुदा मी करून देते.

प्रश्न : श्रीलंकेतल्या एका खेड्यात दोन महिने अभ्यास करणार आहे. मुलाखतीचे पैसे द्यावेत का? मित्र म्हणतात, पैसे दिले की लोक खोटं सांगतात.
— एक विद्यार्थी, वसई

उत्तर : दुभाष्याला आणि वाट दाखवणाऱ्याला तिथल्या चालू दराने, ठरल्या दिवशी पैसे द्यायचेच. त्यात प्रश्नच नाही. गप्पा मारता मारता उत्तर देणाऱ्याला देऊ नकोस, पण रोजावर जाणाऱ्या माणसाची अर्धी पाळी तुझ्यासाठी बुडाली तर ती भरून देणं न्याय्य आहे. माणूस खोटं सांगतो ते पैशांमुळे कमी आणि तू कोणाचा माणूस आहेस हे न कळल्यामुळे जास्त, असं मी पाहत आले आहे. गावासाठी काही द्यायचं असेल तर एकट्या पुढाऱ्याच्या हातात नको, सभेत सगळ्यांसमोर दे. काढलेले फोटो जवळच्या शहरात छापून ज्याचे त्याला नेऊन दे, त्याचं मोल घरात फार असतं.

तू जातो आहेस तिथे हातभार लावण्याची एक परंपराही आहे. १९५८ साली ए. टी. अरियरत्ने या शिक्षकाने कोलंबोतले आपले विद्यार्थी कनातोलुवा या अतिशय गरीब गावात नेले आणि गावकऱ्यांबरोबर श्रमदान केलं. सर्वोदय श्रमदान चळवळ त्यातून वाढली. तुझ्या गावात श्रमदान निघालं तर वही घरी ठेवून जा. दुभाष्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च मात्र अंदाजपत्रकात आत्ताच वेगळा लिही, आणि मार्गदर्शकांची त्यावर सही घे.